2520 चं ‘रहस्य’ आणि भाच्याचे गेलेले 2 मार्क

फॅमिली ग्रुपवर आमच्या जिभाऊंनी, म्हणजे मोठ्या काकांनी, परत तो 2520 वाला मेसेज टाकला. 1 ते 10 सगळ्यांनी भाग जाणारी जगातली एकमेव संख्या, रामानुजन यांचा शोध, गणितज्ञ थक्क, आणि 7 वार गुणिले 30 दिवस गुणिले 12 महिने केले की हीच येते म्हणून पंचांगाचं रहस्य. एरवी मी हात जोडलेला इमोजी टाकून गप बसतो, पण यावेळी भाच्याचे 2 मार्क गेलेत.

भाचा अमळनेरला पाचवीत आहे, शिष्यवृत्तीची तयारी चालू आहे. क्लासच्या सराव पेपरात विचारलं होतं, 1 ते 10 ने निःशेष भाग जाणारी चार अंकी सर्वात मोठी संख्या कोणती? पठ्ठ्याने सरळ 2520 चा गोल काळा केला. विचारलं तर म्हणे, “मामा, एकच तर आहे ना, आजोबांनीच पाठवलंय.” मग पेपरच्या मागे त्याच्याकडूनच करून घेतलं, दुप्पट 5040, तिप्पट 7560, चौपट 10080 म्हणजे पाच अंकी झाली, उत्तर 7560. अहो 2520 केळी दहा जणांत सारखी वाटता येतात तर तेवढीच अजून आणली की का नाही वाटता येणार, रावेरचा कोणीही केळीवाला सांगेल! ‘एकमेव’ऐवजी ‘सर्वात लहान’ लिहिलं असतं तर काही तक्रार नव्हती, पण मग तो साधा लसावि झाला, 8 × 9 × 5 × 7, तो कोण फॉरवर्ड करणार.

सम आणि विषम दोन्हींनी भाग जाणं दुर्मिळ म्हणे. 6 ला 2 ने पण जातो, 3 ने पण. पुढे.

रामानुजनचं मात्र थोडं मान्य करावं लागतं, नाइलाजाने. 1915 मध्ये लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा लांबलचक निबंध आला, आपल्याहून लहान कुठल्याही संख्येपेक्षा जास्त विभाजक असलेल्या संख्यांवर. 2520 त्यात बसते, 48 विभाजक आहेत तिला. पण ती त्यांच्या 102 संख्यांच्या यादीतली सुरुवातीची एक, यादी जाते पार 6746328388800 पर्यंत, तिचे विभाजक 10080. आणि गंमत म्हणजे मधली एक त्यांच्याकडून सुटली, 293318625600. तिला 23 ने गुणा, बरोब्बर यादीतली शेवटची येते, मी मोबाईलवर करून पाहिलं. थक्क व्हायचंय तर इथे व्हा ना.

राहिलं पंचांग. तिथ्या 30 हे खरं, पण चांद्र महिना साडेएकोणतीस दिवसांचा, वर्ष 354 चं, म्हणून तर अधिक महिना घालावा लागतो. 360 दिवसांचं वर्ष कुठल्या पंचांगात पाहिलं जिभाऊ?

राग मानू नका, पण आज संध्याकाळी नातवाला फोन तुम्हीच करा. आणि 7560 कसं आलं ते त्याच्याकडून ऐकून घ्या.