तूट जमेच्या बाजूला लपते

आमची आई पुण्यातल्या घराचा मिळकतकर दर वर्षी मे संपायच्या आत भरते. वेळेत भरला की सर्वसाधारण करात थोडी सवलत मिळते, पण सवलत नसती तरी तिने तसाच भरला असता. महापालिकेच्या तुटीची बातमी आली की मला आधी तीच आठवते.

कायद्याने महापालिकेला तुटीचं अंदाजपत्रक मांडता येत नाही. मग तूट जाते कुठे? जमेच्या बाजूला जाऊन बसते. आयुक्त अंदाजपत्रक मांडतात, स्थायी समिती त्यात प्रभागांतल्या कामांची भर घालते, आणि बेरीज जुळावी म्हणून मिळकतकर, बांधकाम शुल्क यांचे आकडे चढवले जातात. दिवाळीपर्यंत कळून चुकतं की एवढं काही येणार नाही. मग वर्गीकरणाचे प्रस्ताव येतात, म्हणजे या कामाचे पैसे त्या कामाला. ठेकेदारांची बिलं एप्रिलात ढकलायची, नवी कामं थांबवायची. देखभाल-दुरुस्तीला कात्री लागली तर वर्षभर कुणाच्या लक्षातही येत नाही. पाइप फुटतो तेव्हा येतं.

जकात होती तेव्हा नाक्यावर रोज रोख पैसा यायचा. एप्रिल 2013 मध्ये ती गेली, एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला. ऑगस्ट 2015 पासून 50 कोटींच्या आतली उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांना तोही माफ झाला आणि 2017 ला जीएसटी आला. आता त्या बदल्यात राज्याकडून अनुदान येतं. पालिकेच्या स्वतःच्या हातात मोठा कर उरला तो मिळकतकर.

आणि नेमका तोच आपण पोखरतोय. थकबाकीवर महिन्याला 2 टक्के शास्ती लागते. ऐकायला कडक वाटतं. पण 2020 च्या अभय योजनेत शास्तीत 80 टक्के सूट दिली, आणि पुढेही अशा योजना येत राहिल्या. थकबाकीदाराने यातून काय शिकावं? थांब, माफी येईल. थकबाकीदाराच्या दारात बँड वाजवूनही वसुली झाली, पण अभय योजनेची आशा असेपर्यंत बँडला कोण भिणार? 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावं हद्दीत आली. पाणी, रस्ते, ड्रेनेजचा खर्च पालिकेवर, आणि 2024 मध्ये तिथल्या करवसुलीला राज्य सरकारची स्थगिती. तिथल्या लोकांचं गाऱ्हाणं खरं आहे, सुविधांआधी बिल आलं. मग दर टप्प्याटप्प्याने वाढवा. वसुलीच थांबवली की तो खर्च आईसारख्यांच्या करातून होतो.

कर्जाला माझा विरोध नाही. 2017 मध्ये समान पाणीपुरवठा योजनेसाठी 7.59 टक्के व्याजाने 200 कोटींचे रोखे काढले, ते कायम टिकणाऱ्या कामासाठी होते. पगार आणि वीजबिलं भागवायला मात्र कर्ज नको.

माझी मागणी साधी आहे. पुढच्या अंदाजपत्रकात प्रत्येक जमेच्या आकड्याशेजारी मागच्या तीन वर्षांत प्रत्यक्ष किती जमा झाले ते छापा. आणि शास्तीमाफी कायमची बंद, असा ठराव मुख्य सभेत करा, कुणी कसं मत दिलं त्याच्या नोंदीसकट.