कोच तापला की पोरं कुठे बघतात?

मार्च जवळ आला की आमच्या इकडच्या मित्रमंडळींच्या ग्रुपवर ती खुर्ची फिरायला लागते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: २३ फेब्रुवारी १९८५, ब्लूमिंग्टनचा असेंब्ली हॉल, कॉलेज बास्केटबॉलचा सामना, इंडियाना विरुद्ध पर्ड्यू, म्हणजे अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातली दोन विद्यापीठं. सामना सुरू होऊन जेमतेम पाच मिनिटं झाली होती. रेफरीच्या निर्णयावर इंडियानाचे कोच बॉब नाइट भडकले, त्यांना टेक्निकल फाऊल (गैरवर्तनाबद्दलचा फाऊल) मिळाला. पर्ड्यूचा स्टीव्ह रीड त्याबद्दल मिळालेले फ्री थ्रो (कुणी न अडवता मारायचे शॉट) घ्यायला उभा राहिला आणि नाइटसाहेबांनी बेंचवरची लाल प्लास्टिकची खुर्ची उचलून कोर्टावर भिरकावली. घसरत घसरत ती रीडच्या समोरून पार पलीकडे गेली. नाइटना बाहेर काढलं. लोक दरवर्षी क्लिप बघतात, हसतात, पुढे पाठवतात. मी पर्ड्यूला शिकले, म्हणजे मला तर दुप्पट हसायला हवं. तो सामना आम्ही ७२-६३ जिंकला.

मला मात्र ती क्लिप बघताना खुर्चीपेक्षा इंडियानाच्या बेंचवरची पोरं आठवतात. वीस-एकवीस वर्षांची. त्यांना अजून पस्तीस मिनिटं खेळायचं होतं, सतरा हजार लोकांसमोर, आणि त्यांचा कोच निघून गेला होता.

इथल्या कॉलेज बास्केटबॉलची भारतातल्या मित्रांना नीट कल्पना येत नाही. आपल्याकडच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा डोळ्यांसमोर आणू नका. अमेरिकेतल्या कित्येक राज्यांत सरकारी पगारपत्रकावरचा सगळ्यात महागडा माणूस गव्हर्नर नसतो, तर सरकारी विद्यापीठाचा फुटबॉल किंवा बास्केटबॉल कोच असतो. पोरगं अठराव्या वर्षी त्याच्या हाती येतं. कोण खेळणार, किती मिनिटं खेळणार, कोण बाकावर बसणार, सगळं तोच ठरवतो. इतकी सत्ता एका माणसाकडे असली की त्याचा स्वभाव ही खासगी गोष्ट उरत नाही.

आता नाइट यांच्या पारड्यात जे आहे ते आधी टाकते, नाहीतर इंडियानावाले मित्र मला घरात घेणार नाहीत. १९७६, १९८१ आणि १९८७ अशी तीन राष्ट्रीय विजेतेपदं. त्यातला १९७६ चा संघ ३२-०. पुरुषांच्या अव्वल गटात तेव्हापासून आजवर एकही संघ अख्खा हंगाम न हरता विजेता झालेला नाही. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या अमेरिकी संघाचे कोच तेच, त्या संघात मायकेल जॉर्डन होता. निवृत्त होताना ९०२ विजय. पोरांनी वर्गात बसलंच पाहिजे, डिग्री घेतलीच पाहिजे हा त्यांचा आग्रह. खेळ शिकवण्यात माणूस अफाट होता, यात वाद नाही.

म्हणूनच "बघा, कडक होते म्हणून जिंकले" हे वाक्य मला मान्य नाही. ते जिंकले कारण त्यांना खेळ इतरांपेक्षा जास्त कळत होता. राग त्याच माणसात होता, एवढंच. खुर्चीच्या त्या हंगामात, बेंचवर ऑलिंपिकमध्ये खेळून आलेला स्टीव्ह ऑल्फर्ड असूनही, इंडियानाला एनसीएएच्या (कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेच्या) मार्चमधल्या मुख्य स्पर्धेत जागा मिळाली नाही. आणि १९९४ नंतर, नाइट इंडियानात होते तोवर, त्यांचा संघ त्या स्पर्धेत दुसऱ्या फेरीच्या पुढे एकदाही गेला नाही. नव्वदीच्या शेवटी चांगले खेळाडू एकेक करून बाहेर पडले. जेसन कॉलियर गेला, ल्यूक रेकर गेला. त्याआधी नील रीड (पर्ड्यूचा स्टीव्ह रीड नव्हे) गेला होता. प्रॅक्टिसमध्ये कोचने माझा गळा धरला असं रीडने २००० साली सांगितलं तेव्हा नाइट यांनी ते नाकारलं. मग १९९७ ची टेप बाहेर आली आणि तिच्यात नाइट यांचा हात रीडच्या गळ्यावर दिसला. विद्यापीठाचे अध्यक्ष माइल्स ब्रँड यांनी 'यापुढे एकही प्रकार चालणार नाही' अशी ताकीद दिली. सप्टेंबरमध्ये एका विद्यार्थ्याने नुसतं आडनावाने हाक मारली, नाइट यांनी त्याचा दंड धरला, आणि एकोणतीस वर्षांची नोकरी संपली. त्या रात्री हजारो विद्यार्थी ब्रँड यांच्या घरावर चालून गेले. रीडसाठी कधी मोर्चा निघाल्याचं मी वाचलेलं नाही.

माझं मत सरळ आहे. कोचचा स्वभाव त्याच्या आवाजावरून मोजू नका. खेळाडूच्या हातून चूक झाली की त्याची नजर कुठे जाते ते बघा. बेंचकडे गेली तर पुढच्या दोन-तीन सेकंदांत तो खेळात नसतो. आपल्याला किती बोलणी बसणार याचा हिशेब करत असतो. बास्केटबॉलमध्ये तीन सेकंद पुष्कळ झाले, तेवढ्यात समोरचा संघ बॉल घेऊन दुसऱ्या टोकाला पोहोचतो. नजर बॉलकडे राहिली तर चूक एकच राहते.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण माझ्यासाठी जॉर्जटाऊन विद्यापीठाचे कोच जॉन थॉम्पसन. आणि हा माणूस मऊ होता असं कुणी म्हणू नये. सहा फूट दहा इंच उंची, खांद्यावर पांढरा टॉवेल, आवाज असा की विरोधी बेंचसुद्धा सावरून बसेल. १९८९ मध्ये गरीब, विशेषतः कृष्णवर्णीय मुलांच्या स्कॉलरशिपवर गदा आणणाऱ्या नियमाच्या निषेधार्थ हा गृहस्थ सामना सुरू होतानाच कोर्ट सोडून निघून गेला होता. १९८२ ची अंतिम लढत, न्यू ऑर्लिन्सचं सुपरडोम, त्यांचं जॉर्जटाऊन विरुद्ध डीन स्मिथ यांचं नॉर्थ कॅरोलायना. पहिल्या वर्षाला असलेल्या जॉर्डनने शॉट मारला आणि नॉर्थ कॅरोलायना ६३-६२ अशी पुढे गेली. अजून वेळ होता. जॉर्जटाऊनचा फ्रेड ब्राउन बॉल घेऊन आला, बाजूला कुणीतरी उभं दिसलं, आपलाच गडी समजून त्याने पास दिला. तो होता जेम्स वर्दी, विरोधी संघाचा. राष्ट्रीय विजेतेपद त्या एका पासमध्ये गेलं.

थॉम्पसननी काय केलं? सामना संपल्यावर ब्राउनला मिठी मारली. सगळ्या देशाच्या टीव्हीसमोर, तो सगळ्यात एकटा होता तेव्हा. दोन वर्षांनी, १९८४ मध्ये, सिएटलला जॉर्जटाऊनने ह्यूस्टनला ८४-७५ असं हरवलं आणि अव्वल गटात विजेतेपद मिळवणारे थॉम्पसन पहिले कृष्णवर्णीय कोच ठरले. त्या रात्री त्यांनी पुन्हा ब्राउनला कवेत घेतलं. तो तेव्हा शेवटच्या वर्षाला होता, संघातच होता. पहिली मिठी दिली नसती तर तो राहिला असता का, माहीत नाही. पण पहिल्या मिठीकडे बाकीच्या बारा-तेरा पोरांचंही लक्ष होतं. आपल्या हातून एवढी मोठी चूक झाली तर काय होईल, याचं उत्तर त्यांना त्या रात्री मिळालं.

"म्हणजे ओरडायचंच नाही का?" हा प्रश्न येणारच. खाली कमेंटमध्ये कुणीतरी शाळेतल्या पीटीच्या सरांचा मार कसा कामी आला हेही लिहील. तर जॉन वुडनबद्दल सांगते. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाचे कोच, बारा वर्षांत दहा राष्ट्रीय विजेतेपदं, पुरुषांत सलग ८८ सामने जिंकण्याचा विक्रम. मूळचे इंडियाना राज्यातले, पर्ड्यूचे खेळाडू (हे मी सांगणारच होते). रोनाल्ड गॅलिमोर आणि रोलंड थार्प हे दोन मानसशास्त्रज्ञ १९७४-७५ च्या त्यांच्या शेवटच्या हंगामात प्रॅक्टिसला जाऊन बसले आणि वुडन काय काय बोलतात, करतात याची नोंद ठेवत गेले. एकूण २,३२६ नोंदी. त्यांत शाबासकी ६.९ टक्के, नाराजी ६.६ टक्के. सुमारे ७५ टक्के मात्र निव्वळ माहिती: पाय कुठे ठेव, पास कधी सोड, खांदा कुठे वळव. त्यांची पद्धत अशी की बरोबर कसं ते करून दाखवायचं, तू काय केलंस ते दाखवायचं, लगेच पुन्हा बरोबर काय ते दाखवायचं. सगळा प्रकार काही सेकंदांचा. भाषण नाही.

या आकड्यांत मला सगळ्यात आवडतं ते म्हणजे शाबासकीसुद्धा तेवढीच कमी आहे. हल्ली पालक म्हणून आपण "व्हेरी गुड, व्हेरी गुड" करत सुटतो, त्याचाही तिथे पत्ता नाही. पोराचं लक्ष कोचच्या मूडवर राहावं अशी वेळच ते येऊ देत नव्हते. तसे वुडन काही संत नव्हते. हातात गुंडाळलेला कार्यक्रमपत्रिकेचा कागद तोंडाशी धरून ते रेफरीला आणि समोरच्या खेळाडूंनाही टोचून बोलायचे. पण आपल्या पोरांशी बोलताना विषय खेळाचा.

टेनेसीच्या पॅट समिट यांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाणार नाही, कारण अशा चर्चेत बायकांचा खेळ कुणाला आठवतच नाही. १,०९८ विजय, आठ विजेतेपदं. त्यांची ती निळ्या डोळ्यांची रोखलेली नजर भल्याभल्यांना घाम फोडायची. आणि टेनेसीत पूर्ण चार वर्षं खेळलेली त्यांची प्रत्येक मुलगी पदवी घेऊन बाहेर पडली. धाक होताच. पण आपली माणूस म्हणून किंमत सामन्याच्या निकालावर ठरत नाही, हे त्या मुलींना पक्कं ठाऊक होतं.

आता माझ्या जखमेकडे येते. २०१९, व्हर्जिनिया विरुद्ध पर्ड्यू, जिंकेल तो अंतिम चारमध्ये. आमच्या कार्सन एडवर्ड्सने एकट्याने ४२ गुण केले. आम्ही दोनने पुढे, सहा सेकंदांहून कमी वेळ. व्हर्जिनियाचा फ्री थ्रो चुकला, बॉल उडून थेट मागच्या अर्ध्या भागात गेला. पहिल्या वर्षाला असलेला किहाय क्लार्क त्याच्यामागे धावला, वळला, आणि लांबलचक पास दिला मामादी डियाकिटेला. त्याने शेवटच्या क्षणी बॉल टाकला. बरोबरी, जादा वेळ, ८०-७५, आम्ही घरी. मी कित्येकदा तो तुकडा बघितलाय (नवरा म्हणतो हा आजार आहे). क्लार्क एकदाही बेंचकडे बघत नाही. टाइमआउट मागू का, हे बरोबर आहे का, काही नाही.

हा संघ कुठला, तर ज्याची आदल्या वर्षी देशभर टिंगल झाली तो. मार्च २०१८ मध्ये पहिलं मानांकन असलेलं व्हर्जिनिया सोळाव्या, म्हणजे सगळ्यात खालच्या मानांकनाच्या यूएमबीसी विद्यापीठाकडून ७४-५४ असं हरलं. पुरुषांच्या स्पर्धेत असं आधी कधीच झालं नव्हतं. मध्यंतराला २१-२१, मग सगळं कोसळलं. कोच टोनी बेनेट त्या रात्री पत्रकारांसमोर बसले, आम्हाला धुतलं हे शांतपणे कबूल केलं, समोरच्या संघाचं कौतुक केलं. एकाही पोराला पुढे केलं नाही. पुढच्या वर्षी पहिल्याच सामन्यात पुन्हा सोळावं मानांकन, गार्डनर-वेब, आणि पुन्हा चौदा गुणांनी मागे! नाइटसारख्या कोचच्या हाताखाली त्या पोरांचं काय झालं असतं याचा विचार करा. व्हर्जिनिया ७१-५६ जिंकलं. उपांत्य सामन्यात ०.६ सेकंद उरले असताना काइल गायने तीन फ्री थ्रो घातले आणि ६३-६२. अंतिम सामना जादा वेळेत जिंकला.

आता माझ्याच मताला छेद देणारा माणूस: यूकॉनचे (कनेक्टिकट विद्यापीठाचे) कोच डॅन हर्ली. सामनाभर उकळत असतात, आणि २०२३, २०२४ अशी लागोपाठ दोन विजेतेपदं घेऊन बसलेत. दुसरं आम्हाला हरवून, ७५-६०. आमचे पर्ड्यूचे कोच मॅट पेंटर शांत, हर्ली तापट, आणि आम्ही साफ हरलो. मग? मला वाटतं हर्लींचा बराचसा जाळ रेफरींकडे जातो, आणि त्यांच्या पोरांना मैदानात नेमकं काय करायचं ते इतकं घोटून दिलेलं असतं की ती खेळत राहतात. पण जाळ बाहेर गेला तरी बिल संघालाच भरावं लागतं. नोव्हेंबर २०२४, हवाईतल्या माउईची स्पर्धा, मेम्फिसविरुद्ध जादा वेळ, ९२-९२, चाळीस सेकंद बाकी. फाऊल दिला म्हणून हर्ली चिडून चक्क पाठीवर आडवे पडले. टेक्निकल फाऊल. मेम्फिसच्या गड्याने चार फ्री थ्रो घातले, त्यातले दोन हर्लींच्या नावावरचे. सामना ९९-९७. दोन गुणांनी. नंतर त्याच स्पर्धेतले उरलेले दोन्ही सामनेही हरले.

आणखी एक बदल झालाय ज्याकडे जुन्या काळाचे गोडवे गाणारे दुर्लक्ष करतात. नाइट यांच्या काळात कॉलेज बदलायचं तर खेळाडूला अख्खा हंगाम बाहेर बसावं लागे, आणि स्कॉलरशिप वर्षावर्षाने नव्याने मिळे. पोरगं सहन करायचं, कारण जायला जागा नव्हती. आपण त्याला 'निष्ठा' म्हणत होतो. २०१८ मध्ये ट्रान्सफर पोर्टल (कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची यादी) आलं, २०२१ पासून न बसता बदलता येऊ लागलं, वर जाहिरातींचे पैसेही मिळू लागले. आता कोच कसा आहे यावर पोरं दर वसंतात पायांनी मत देतात.

मार्च २०२३ मध्ये पर्ड्यूवरही व्हर्जिनियासारखीच वेळ आली. सात फूट चार इंचांचा झॅक ईडी आमच्याकडे, आणि समोर फेअरली डिकिन्सन, देशातल्या सगळ्यात बुटक्या संघांपैकी एक. ६३-५८ हरलो. ब्रॅडन स्मिथ आणि फ्लेचर लॉयर तेव्हा पहिल्या वर्षाला होते. पोर्टल उघडं होतं, हसणारे हसत होते. ईडी परत आला, हे दोघेही राहिले, आणि पुढच्याच वर्षी आम्ही अंतिम सामन्यात होतो. ईडी पुढे एनबीएत गेला. स्मिथ आणि लॉयर चौथ्या वर्षालाही पर्ड्यूतच होते. पेंटर मवाळ आहेत, अशाने विजेतेपद मिळत नाही, असं म्हणणाऱ्यांनी या दोघांना एकदा विचारावं.