पाण्याच्या बाटलीत पाणीच असू दे

आज सकाळी शेजारच्या काकूंशी माझं वाजलं. दिवसभर डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितेय.

दारावर फिनेलवाला आला होता. काकूंनी घरातली कोल्ड्रिंकची रिकामी बाटली दिली, त्याने नरसाळं लावून ती गळ्यापर्यंत भरली. हिरवंगार, लिंबाच्या वासाचं फिनेल. बाटलीवरचं लेबल तसंच. काकूंनी ती नेऊन सिंकखाली ठेवली. तिथे दार नाही, नुसता पडदा आहे. आणि त्यांचा अडीच वर्षांचा नातू रोज त्याच पडद्यामागे लपून आम्हाला 'भॉक' करतो.

मी म्हटलं, काकू, ही बाटली तिथे नको. तर म्हणाल्या, "अगं, आमची तीन पोरं याच घरात वाढली. कुणाला काही झालं नाही."

हे वाक्य ऐकलं की माझं डोकंच फिरतं. ज्यांच्या घरात काही झालं नाही, तेच हे म्हणू शकतात. माझ्या आईला विचारा.

1987. कराडमधलं आमचं दोन खोल्यांचं घर. माझा भाऊ दोन वर्षांचा, मी सात. रेशनचं रॉकेल मोठ्या डब्यात असायचं आणि स्टोव्हपुरतं सरबताच्या बाटलीत काढलेलं. तोंडाला चिंधीचा बोळा. आई मागे कपडे वाळत घालत होती, मी पाढे लिहीत होते. खोकला ऐकू आला म्हणून वळले, तर बोळा त्याच्या मुठीत, बाटली आडवी, आणि सदरा पुढून ओला.

सगळा वाडा धावून आला. कुणी मिठाचं पाणी पाजलं, कुणी घशात बोट घातलं. भडाभडा उलटी झाली. सुटलो, असं सगळ्यांना वाटलं. घात तिथेच झाला. रॉकेलचा खरा धोका पोटात नसतो, ते फुप्फुसात गेलं की असतो, आणि उलटी करवली की ते तिकडे जायची भीती वाढते. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा बाबा भिंतीला टेकून खाली बसले. पाच दिवस ऑक्सिजनवर होता तो.

म्हणून हात जोडून सांगते. रॉकेल, थिनर, ॲसिड, यातलं काहीही पोटात गेलं तर उलटी करवू नका. ॲसिड जाताना घसा जाळतं, उलटून येताना पुन्हा जाळतं. मिठाचं पाणी नको, घरगुती उपाय नकोत. 108 ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने दवाखाना गाठा, आणि ती बाटली सोबत न्या. मुलाने काय प्यायलंय हे डॉक्टरांना कळलं पाहिजे.

सुप्रीम कोर्टाने 2013 मध्ये ॲसिडच्या विक्रीवर बंधनं घातली. विकणाऱ्याने नोंद ठेवायची, घेणाऱ्याचं ओळखपत्र बघायचं. बायकांवरच्या हल्ल्यांमुळे ते झालं. आणि आमच्या गल्लीत संडास धुवायचं ॲसिड आजही पाण्याच्या बाटलीत भरून मिळतं! कसली नोंद आणि कसलं काय.

फिनेलवाल्याचं पोट त्यावर आहे, मान्य. सुटं स्वस्त पडतं, तेही मान्य. एका खोलीच्या घरात उंच फळी कुठून आणायची, हाही प्रश्न खरा आहे. पण भिंतीत एक खिळा ठोकून पिशवी टांगता येते ना? आणि खाण्यापिण्याच्या बाटलीत ते भरायचं नाही, एवढं तर कुठल्याही घरात जमतं. लेबल वाचता न येणारं मूल बाटलीचा आकार ओळखतं. ही बाटली म्हणजे गोड, हे आपणच त्याला शिकवलेलं असतं.

खरं तर मला आईबद्दलच लिहायचं होतं. आजीने तिला कितीतरी वर्षं ऐकवलं, "पोराकडे लक्ष नव्हतं हिचं." रॉकेल बाटलीत बाबा ओतायचे. ती खाली, स्टोव्हशेजारी ठेवायची सवय घरातल्या सगळ्यांची. बोल मात्र एकटीला. मीही लहानपणी मनातून तिलाच दोष दिला, आणि आज मला त्याची फार लाज वाटते. दोन वर्षांच्या मुलावर कुणाची नजर अष्टौप्रहर राहते? नजर चुकणारच. ती चुकेल त्या क्षणी बाटली त्याच्या हाताला लागता कामा नये, एवढंच आपल्या हातात असतं.

भाऊ ठणठणीत आहे, दोन मुलींचा बाप आहे. पण आई अजूनही कुणाच्याही घरी बाटलीतलं पाणी पेल्यात ओतायच्या आधी बाटली नाकाशी नेते. तिच्या सुना-नातींना वाटतं, म्हातारीची सवय आहे.

काकू रागावल्यात. दार आपटून आत गेल्या. उद्या सकाळी मी पुन्हा जाणार आहे, फिनेलसाठी झाकणाचा कॅन घेऊन आणि खिळा-हातोडी घेऊन.