लाल खुणा मोजून मुलांचं भविष्य सांगणाऱ्यांना

‘मुलाच्या गणितातल्या चुका मोजा, पुढे तो किती शिकेल ते कळेल’ असा एक मेसेज पालकांच्या ग्रुपांवर फिरतोय. माझ्या धाकट्या बहिणीला तो आला आणि तिने लेकीच्या वह्या काढून खरंच लाल खुणा मोजायला घेतल्या. नाहीतर असल्या मेसेजना उत्तर देत बसायची मला हौस नाही.

त्यातला पहिलाच मुद्दा सगळ्यात घातक आहे: ‘हातच्याच्या वजाबाकीत पुन्हा पुन्हा चुकणारं मूल पुढे कुठल्याच विषयात चमकत नाही.’

52 वजा 17 घ्या. मूल लिहितं 45. 304 वजा 128 चं लिहितं 224. दोन्ही उत्तरं चूक, पण त्यांमागचा नियम एकच: वरचा-खालचा न बघता मोठ्या अंकातून लहान अंक काढायचा. हातचा लागत नाही तिथे याच नियमाने उत्तर बरोबर येतं, मग त्या पोराला शंका तरी कशी यावी? दहांपैकी सात गणितं हातच्याची असली तर लाल खुणा सात आणि गैरसमज एक! जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन यांनी 1978 मध्येच दाखवून दिलं की वजाबाकीतल्या कितीतरी चुका अशा नियमाने होतात. पुढे कर्ट व्हॅनलेन यांना आढळलं की हे चुकीचे नियम फारसे स्थिरही नसतात. तेच मूल थोड्या दिवसांनी वेगळीच चूक करतं. जी चूक महिनाभर टिकेल याची खात्री नाही, तिच्यावरून पुढची दहा वर्षं सांगायची?

‘हे संशोधनाने सिद्ध झालंय.’ कुठल्या, ते अर्थातच दिलेलं नाही. बरं, यात अर्धं सत्य आहे, ते मान्य करतो. रॉबर्ट सिग्लर आणि सहकाऱ्यांचा 2012 चा अभ्यास आहे, ब्रिटन आणि अमेरिकेतल्या मुलांचा. दहा-बारा वर्षांच्या वयात अपूर्णांक आणि भागाकार किती येतो, यावरून पाच-सहा वर्षांनंतरच्या बीजगणिताचा अंदाज बांधता येतो. बुद्ध्यांक, घरचं उत्पन्न, पालकांचं शिक्षण हे सगळं हिशेबात धरूनही. पण अपूर्णांक आणि भागाकार, हातच्याची वजाबाकी नव्हे. आणि हा कल हजारो मुलांच्या सरासरीतला. तुमच्या घरातल्या एका मुलीचा निकाल त्यात लिहिलेला नाही. काळजीच करायची असेल तर 1/2 अधिक 1/3 बरोबर 2/5 लिहिणाऱ्या मुलाची करा. अर्ध्यात भर घातली आणि उत्तर अर्ध्यापेक्षा कमी आलं, हे त्याला खटकत नाही. तिथे मात्र वेळ द्यायला हवा.

‘बोटांवर मोजणारी मुलं मठ्ठ असतात.’ यावर शब्द खर्च करत नाही. लहान मुलं बोटांवरच मोजायला शिकतात.

‘निष्काळजी चुका म्हणजे स्वभावदोष.’ ज्याला आपण निष्काळजीपणा म्हणतो त्यातला बराचसा वर सांगितलेला चुकीचा नियमच असतो, आपण बघितलेलं नसतं इतकंच.

आणि उपाय काय, तर ‘अशी वीस गणितं रोज सोडवून घ्या.’ नियमच चुकीचा असेल तर त्या विसांत तोच घोटून पक्का होईल. त्यापेक्षा एकच गणित समोर ठेवा आणि ‘हे कसं केलंस, सांग’ म्हणा. मूल स्वतःच बोलून दाखवतं, ‘सातातून दोन गेले.’