घरफोडीला १४ वर्षं, पण कुणाला?

सोसायटीच्या ग्रुपवर घरफोडीचा मेसेज पडला की पाचव्या मिनिटाला कुणीतरी लिहितंच, "आपले कायदेच बोटचेपे. दुबईत बघा, हात लावायची हिंमत होत नाही." त्यावर धडाधड अंगठे. दिवाळीच्या सुट्टीत आमच्या भागात लागोपाठ बंद फ्लॅट फुटले, तेव्हापासून हे रोजचंच झालंय.

राग मलाही येतो. पण कायदा बोटचेपा आहे हे साफ चूक. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत राहत्या घरातल्या चोरीला कलम ३०५ खाली ७ वर्षांपर्यंत कैद आहे. चोरीसाठी रात्री घर फोडलं तर कलम ३३१ खाली १४ वर्षांपर्यंत, दिवसा फोडलं तर १० वर्षांपर्यंत. १८६० च्या दंडविधानातही हेच आकडे होते. म्हणजे इंग्रजांनी लिहून ठेवलेली शिक्षा आजही पुरेशी जबर आहे. ती कुणाला लागते, हे विचारा.

माझ्या आत्याचं घर फुटलं. कडी-कोयंडा कटावणीनं उचकटलेला, कपाटाचा लॉकर वाकवलेला, देवघरातली चांदीची निरांजनंसुद्धा नेलेली. पोलीस आले, नीट बोलले, पंचनामा झाला. ठसेवाले मात्र संध्याकाळी उगवले. तोवर अख्खी बिल्डिंग "अरेरे" करत घरातून फिरून गेली होती आणि कपाटाच्या हँडलला कुणाकुणाचे हात लागले होते देव जाणे.

मग सोन्याची किंमत. "काकू, पावत्या आहेत?" मंगळसूत्र आत्याच्या लग्नातलं, पाटल्या तिच्या सासूबाईंच्या. पावती कुठून आणणार? "मग घेतलं तेव्हाची अंदाजे किंमत सांगा." सोनं तोळ्याला लाखाच्या पुढे गेलेलं आणि फिर्यादीत अकरा तोळ्यांचे झाले सव्वातीन लाख! हवालदार म्हणाले, "वजन बरोबर लिहिलंय ना काकू, किमतीचं काय एवढं?" माझ्या मते तिथेच सगळं आहे. आकडा लहान असला की वरच्या बैठकीत कुणी जाब विचारत नाही.

एवढं करूनही आत्या नशीबवान. कित्येकांच्या नशिबी येते ती 'ए समरी'. म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी किंवा पुरावा मिळत नाही, असा अहवाल कोर्टात जातो आणि फाइल मिटते. आत्याचा चोर भलत्याच गुन्ह्यात सापडला आणि बोलताना हेही घर बोलून गेला. तिला ठाण्यात बोलावलं आणि टेबलावर ठेवली एक लगड. दोन बोटं रुंद, पिवळीधमक, कडेला जरा काळपट. त्यात कुठे मंगळसूत्राच्या वाट्या आणि कुठे पाटल्या? "हे तुमचंच सोनं," म्हणाले. आत्या बघत राहिली. ज्यानं हे वितळवून दिलं, त्या सराफाचं म्हणणं एकच, मला काय माहीत चोरीचं आहे ते. चोरीचा माल जाणूनबुजून घेणाऱ्याला कलम ३१७ खाली ३ वर्षांपर्यंत कैद आहे. पण 'जाणूनबुजून' सिद्ध कोण करणार?

आता कोर्ट. घरफोडी करताना चोराला बघितलेलं कुणी नसतं, त्यामुळे खटला बहुधा मुद्देमालाच्या जप्तीवर उभा असतो, आणि ती जप्ती पंचांवर. आणि पंच कोण होणार? पोलिसांनी "पंच म्हणून कोण येतंय" विचारलं की दुबईवाले सगळे आपापल्या दाराआड. शेवटी चहाच्या टपरीवरचा पोऱ्या सही करतो आणि चार-पाच वर्षांनी साक्षीला उभा राहिला की म्हणतो, पोलिसांनी कोऱ्या कागदावर सही घेतली. झाला फितूर. आरोपी निर्दोष.

किंवा दुसरा शेवट, ज्याचा लोकांना सगळ्यात जास्त संताप येतो. आरोपी गुन्हा कबूल करतो आणि कोर्ट म्हणतं, आजवर भोगलेली कैद हीच शिक्षा. पेपरात वाचताना वाटतं, चोराला सोडूनच दिलं की! पण ज्याला जामीनदार मिळत नाही, तो दोष ठरण्याआधीच वर्ष-दीड वर्ष आत काढून आलेला असतो. देशातल्या तुरुंगांत दर चारांतले साधारण तीन असेच कच्चे कैदी आहेत. उलट मुरलेला सराईत महिना-दोन महिन्यांत जामिनावर बाहेर येतो. वकिलाची फी कशी भरतो, ते पुढच्या घरफोडीच्या फिर्यादीत वाचावं. आपल्याकडे शिक्षा सौम्यही आहे आणि क्रूरही, फक्त माणसं उलटी निवडली जातात.

आणखी एक, जे बोललं की ग्रुपवर शांतता पसरते. लोकांचा दबाव वाढला की पोलीस जातात गावकुसाबाहेरच्या पालांवर आणि पारध्यांची पोरं उचलतात. इंग्रजांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं अख्ख्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं, पुढे सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणात ठेवलं. तो कायदा १९५२ साली गेला, पण संशय गेला नाही. असा 'संशयित' उचलल्यानं आत्याची एक वाटीही परत येत नाही. खरा चोर तेवढा निवांत राहतो.

पोलिसांची बाजू मला दिसत नाही असं नाही. तपास पथकाची माणसं गणपतीत बंदोबस्ताला, पालखीत बंदोबस्ताला, मंत्री आले की बंदोबस्ताला. तपास करायचा तो मधल्या फटीत. म्हणून मग सुट्टी लागली की आपल्यालाच सूचना, दागिने लॉकरमध्ये ठेवा, गावी जाताना शेजाऱ्यांना सांगा, फेसबुकवर फोटो टाकू नका. सूचना चांगल्या आहेत हो. पण रात्रीची गस्त कधी येऊन जाते ते आमच्या वॉचमनलाही माहीत नाही.

नव्या कायद्यात कामाच्या गोष्टी आहेत, त्या मागा. तपास कुठवर आला हे ९० दिवसांत फिर्यादीला कळवायचं, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे तपास आणि खटला कसा चालवायचा ते सांगणाऱ्या नव्या कायद्याचं, कलम १९३ सांगतं. कलम ४९७ म्हणतं, मुद्देमाल कोर्टापुढे आला की १४ दिवसांत त्याची यादी आणि फोटो, आणि पुढच्या ३० दिवसांत त्या मालाचं काय करायचं याचा आदेश. मुद्देमाल ठाण्यात कुजवत ठेवू नका, हे सुप्रीम कोर्टानं सुंदरभाई देसाई खटल्यात २००२ मध्येच बजावलं होतं. आत्याच्या वकिलांनी अर्जात हे सगळं घातलंय. लगड अजून ठाण्यातच आहे.

तेव्हा उमेदवार मतं मागायला आले आणि "कडक कायदा आणू" म्हणाले, तर त्यांना कलम विचारू नका. आपल्या पोलीस ठाण्यात गेल्या वर्षी घरफोडीचे किती गुन्हे ए समरीत गेले, किती जणांना सोनं परत मिळालं आणि किती खटल्यांत शिक्षा लागली, एवढं विचारा. त्यांना माहीत नसेलच. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो, विषय एकच हवा आणि मजकूर १५० शब्दांत बसवावा लागतो. आमच्या ठाण्यासाठी मी या सोमवारी टाकतेय. तुमच्या ठाण्यासाठी मजकूर हवा असेल तर कमेंटमध्ये सांगा, पाठवते.