कुटुमसर गुहेचा तो मेसेज पुढे पाठवू नका, आणि तिथून दगड तर अजिबात आणू नका

छत्तीसगडमधल्या बस्तरच्या कांगेर घाटी नॅशनल पार्कबद्दल आणि तिथल्या कुटुमसर गुहेबद्दल एक लांबलचक मेसेज व्हॉट्सॲपवर फिरतोय. आधी आला तेव्हा मी वाचून सोडून दिला. पण परवा नागपूरच्या मावशीचा फोन आला, तिच्या भजनी मंडळाच्या बायका श्रावणात बस करून तिकडे निघाल्यात आणि गुहेतून आणलेला दगड देवघरात कुठल्या दिशेला ठेवायचा हे तिला माझ्याकडून हवं होतं! तेव्हा मात्र राहवेना, म्हणून हे लिहितोय.

ज्यांनी मेसेज पाहिला नसेल त्यांच्यासाठी त्यातले दावे सांगतो. कुटुमसर ही जगातली दुसऱ्या नंबरची लांब गुहा आहे. युनेस्कोने तिला जागतिक वारसा म्हणून जाहीर केलंय. श्रावणात जा, तेव्हा गुहा 'जिवंत' होते. आतल्या स्वयंभू शिवलिंगाचा छोटा तुकडा घरी आणा, भरभराट होते, आणि तुकडा काढला तरी वर्षभरात तो परत वाढतो. आत आंधळे मासे आहेत जे जगात दुसरीकडे कुठेच नाहीत, त्यांना खाऊ घाला, पुण्य लागतं. आणि शेवटी, गाईड घेऊ नका, मोबाईलचा टॉर्च पुरतो.

लांबीचं एका दमात उरकतो. जगातली सगळ्यात लांब ज्ञात गुहा अमेरिकेत केंटकीमधली मॅमथ केव्ह, तिचे आजवर 680 किलोमीटरपेक्षा जास्त मार्ग मोजून झालेत. भारतातलीच म्हणाल तर मेघालयात 30 किलोमीटरच्या वर मोजलेली चुनखडीची गुहा आहे, क्रेम लिआत प्राह. कुटुमसरसाठी जे मोठ्यात मोठे आकडे छापले जातात ते घेतले तरी दीड किलोमीटर होत नाही. म्हणजे जगात सोडा, भारतातसुद्धा दुसरा नंबर नाही. गुहा सुंदर आहे, तिला हा खोटा नंबर कशाला चिकटवायचा?

युनेस्कोचं अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करतो. 2025 मध्ये भारताने आपल्या संभाव्य यादीत जी नवीन नावं घातली त्यात कांगेर घाटी आहे. संभाव्य यादीत असणं म्हणजे पुढेमागे अर्ज करता येईल, बस. जाहीर वगैरे अजून काही झालेलं नाही.

आता दगड. सगळ्यात जास्त संताप मला याचाच आलाय.

मावशी म्हणाली, अरे एवढासा तर तुकडा, पुढच्या वर्षी परत होतो म्हणे. होत नाही गं! हे लवणस्तंभ, म्हणजे गुहेत थेंबाथेंबाने साचलेले चुन्याचे खांब, बनतात कसे ते बघ. पावसाचं पाणी जंगलाच्या मातीतून झिरपतं, मातीत कुजणाऱ्या पालापाचोळ्यातून आणि मुळांतून निघालेला कार्बन डायऑक्साइड त्यात मिसळतो, पाणी किंचित आम्लधर्मी होतं आणि चुनखडीतून खाली येताना तिला थोडं थोडं विरघळवत येतं. गुहेच्या छताला आलं की थेंब लटकून राहतो, टॉर्च मारला तर स्पष्ट दिसतो, टोकाला थरथरत असतो पण लगेच पडत नाही. तेवढ्या वेळात त्यातला कार्बन डायऑक्साइड गुहेच्या हवेत निघून जातो आणि विरघळलेल्या चुन्यातला अगदी कणभर मागे चिकटतो. थेंब खाली पडला की उरलेल्यातला कणभर तिथे बसतो. वरून खाली एक खांब वाढतो, खालून वर दुसरा. वेग प्रत्येक गुहेत वेगळा असतो, पण साधारण वर्षाला मिलिमीटरचा दहावा हिस्सा धरा. म्हणजे तळहातावर मावेल एवढा 10 सेंटीमीटरचा तुकडा तयार व्हायला हजारेक वर्षं लागतात. ज्ञानेश्वरी लिहून झाली त्याच्याही आधी सुरू झालेलं काम आपण दोन सेकंदात मोडतो आणि पर्समध्ये टाकतो.

तोडणं लांब राहिलं, नुसता हात लावला तरी नुकसान आहे. हाताचं तेल आणि घाम त्या ओल्या पृष्ठभागाला लागला की चुना नीट चिकटत नाही, वाढ थांबते, जागा काळी पडते. जिथे लोकांचा हात सहज पोचतो तिथले खांब तुकतुकीत काळपट आणि हात पोचत नाही तिथले पांढरेशुभ्र, असा फरक पर्यटकांनी हाताळलेल्या कुठल्याही चुनखडीच्या गुहेत बघायला मिळतो.

आणि हे खांब नुसते शोभेचे नाहीत. याच कांगेर घाटीत दंडक नावाची गुहा आहे. तिथल्या एका खालून वर वाढलेल्या लवणस्तंभाचा अभ्यास शास्त्रज्ञांनी 2007 मध्ये जिओफिजिकल रिसर्च लेटर्स या जर्नलमध्ये छापला. खांब उभा चिरला की आत झाडाच्या खोडात असतात तसे थर दिसतात. त्या थरांचं वय युरेनियम-थोरियम पद्धतीने काढलं, आणि प्रत्येक थरात जड आणि हलक्या ऑक्सिजनचं प्रमाण किती ते मोजलं, कारण पाऊस भरपूर झाला की पाण्यात जड ऑक्सिजन कमी येतो आणि पाऊस कमी झाला की जास्त. असं करत त्यांनी इ.स. 600 ते 1500, म्हणजे 900 वर्षांचा मध्य भारताचा पावसाचा हिशोब जवळजवळ वर्षावर्षाचा काढला, आणि तोही कुठलंही पर्जन्यमापक नव्हतं त्या काळाचा! त्यात दिसलं काय, तर चौदाव्या शतकात आणि पंधराव्याच्या मध्यावर पाऊस दशकंच्या दशकं कमी झाला होता आणि भारतातले काही सगळ्यात भयंकर दुष्काळ नेमके त्याच काळातले.

आता आपला इतिहास आठवा. दुर्गादेवीचा दुष्काळ, 1396 ला सुरू झालेला आणि बारा वर्षं चालला असं सांगतात तो, गावंच्या गावं ओस पडली होती. आणि 1460 च्या सुमाराचा दामाजीपंतांचा दुष्काळ, मंगळवेढ्याला त्यांनी सरकारी कोठारं लोकांसाठी उघडली तो. दोन्ही या कोरड्या काळांना लागूनच येतात. भजनी मंडळात दामाजीपंतांची कथा ऐकून डोळ्यात पाणी येतं ना, त्या दुष्काळाच्या काळातल्या पावसाची नोंद बस्तरमधल्या एका गुहेतल्या दगडात थेंबाथेंबाने झालीये आणि आपण तसलाच दगड देवघरात ठेवायला फोडून आणणार?

कुठल्या खांबात काय नोंद आहे हे बाहेरून बघून शास्त्रज्ञांनाही कळत नाही. एकदा तुटला आणि नागपूरच्या देवघरात कुंकू लागून बसला की तो कुठून, कुठल्या थेंबाखालून आला हेच कोणाला सांगता येणार नाही, आणि ते माहीत नसेल तर त्याचा अभ्यास होणार कसा?

श्रद्धेचं म्हणाल तर आत शेवटी शिवलिंगासारखा लवणस्तंभ आहे आणि लोक त्याची पूजा करतात हे अगदी खरं आहे. मी त्याच्या विरोधात एक शब्द बोलत नाहीये, हात जोडा, नमस्कार करा. पण घरातली मूर्ती भंगली तर आपण ती देवघरात ठेवतो का? विसर्जन करतो. मग जो देव तिथे हजारो वर्षं बसलाय त्यालाच भंगवून आणा असं सांगणारा मेसेज धार्मिक कसा झाला?

आणि कायद्याचं ऐका. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 प्रमाणे नॅशनल पार्कमधून वनउपज बाहेर नेणं गुन्हा आहे, आणि वनउपज म्हणजे काय याची व्याख्या 1927 च्या वन कायद्यातून घेतलीये ज्यात दगड आणि खनिजं येतात, चुनखडीचं तर नाव घेऊन लिहिलंय. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. साठीच्या बायकांना कोणीतरी या भानगडीत ढकलतंय आणि वर दहा जणांना पाठवा म्हणतंय.

श्रावणाचा मुद्दा धोकादायक आहे. पावसाळ्यात कुटुमसर बंद असते, साधारण नोव्हेंबरच्या आसपास उघडते आणि जूनमध्ये परत बंद होते. उगाच नाही करत, पावसाचं पाणी आत शिरतं आणि खालचे मार्ग भरून जातात. गुहेचं तोंड म्हणजे डोंगरातली एक उभी फट, तिथून खाली उतरायचं, आत वाट चिंचोळी. पाणी वाढलं तर पळायचं कुठे? 2018 मध्ये थायलंडमध्ये थाम लुआंग गुहेत फुटबॉल टीमची 12 मुलं आणि त्यांचा कोच अडकले होते, तीही चुनखडीचीच गुहा, तोही पावसाळाच, बाहेर काढायला दोन आठवड्यांच्या वर लागले आणि थाई नौदलाच्या एका माजी पाणबुड्याचा त्यात जीव गेला. तेव्हा पाणी उपसायला मदत म्हणून आपल्या किर्लोस्कर ब्रदर्सची माणसं गेली होती, पेपरात वाचलं असेल. 'जादा पैसे दिले की आत सोडतात' असंही त्या मेसेजमध्ये लिहिलंय. असं सांगणारा माणूस कोणाच्या तरी आईच्या जिवाशी खेळतोय.

पावसाळ्यात जायचंच असेल तर तीरथगढ बघा, तोही याच पार्कात आहे, आणि इंद्रावतीवरचा चित्रकोट, दोन्ही धबधबे तेव्हाच खरे बघण्यासारखे असतात. एवढ्यापुरता 'श्रावणात बस्तर' हा सल्ला बरोबर आहे. गुहेसाठी हिवाळा. आणि गुहा म्हणजे गार वाटेल अशा अपेक्षेने शाल घेऊन जाऊ नका, आतली हवा सरासरी 28 अंशांच्या आसपास आणि दमट, घाम फुटतो. गुडघे दुखणाऱ्यांनी उतरायच्या आधी नीट विचार करा.

मासे. आंधळे मासे आहेत, खरं आहे, करंगळीएवढे, फिकट, डोळे अगदी बारीक झालेले किंवा नसलेलेच. पण गुहेत राहून डोळे गेलेले मासे जगात बऱ्याच ठिकाणी आहेत, मेघालयातसुद्धा आहेत. आणि कुटुमसरचा मासा शास्त्रज्ञ ज्या जातीत धरत आलेत ती जात 1872 मध्ये फ्रान्सिस डे यांनी पहिल्यांदा नोंदवली ती पुण्याच्या माशांवरून! म्हणजे आपल्या ओढ्यानदीत दगडाखाली दडणाऱ्या माशाचेच हे अंधारातले भाऊबंद. मला तरी 'जगात कुठेच नाही' पेक्षा हे जास्त भारी वाटतं. त्यांना बिस्किटं, मुरमुरे टाकू नका. पुराबरोबर जो काडीकचरा आत वाहून येतो त्यावर तिथली बरीचशी जीवसृष्टी चालते, आणि साचलेल्या छोट्या डबक्यात बिस्किटं पडली की पाणी नासतं. पुण्य बाजूलाच राहिलं, मासे मरतील.

राहिला गाईड. आत उजेड शून्य असतो, टॉर्च बंद केला तर डोळ्यासमोर धरलेला स्वतःचा हात दिसत नाही, पायाखाली ओलं आणि निसरडं, आणि मोबाईल हातात धरला की आधाराला एकच हात उरतो. तो मग आपोआप खांबालाच जातो. गाईड तिथल्याच गावांतली मुलं असतात, बरीचशी धुरवा समाजाची, या जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली. कुठे वाकायचं, कुठे पाय ठेवायचा, कुठे हात लावायचा नाही हे त्यांना पाठ असतं, आणि गुहा शाबूत राहिली तरच त्यांचं घर चालणार, त्यामुळे तिची काळजीही त्यांना आपल्यापेक्षा जास्त. ही गुहा 1950 च्या दशकात शंकर तिवारी यांनी अभ्यासून जगापुढे आणली तेव्हाही गावच्या लोकांना ती माहीत होतीच. त्यांचे पैसे वाचवून आपलं काय भलं होणारे? तिकीट काढताना गेटवरच गाईड घ्या आणि आत तो सांगेल तसं चाला.