मोफत कोर्स द्या, पण पूर्ण द्या

शिकवणाऱ्या माणसाकडे आपल्या विद्यार्थ्यांचे ईमेल पत्ते स्वतःजवळ असले पाहिजेत. ते मिळवायचा सगळ्यात सरळ मार्ग म्हणजे ईमेलवरून एक छोटा, मोफत, पण पूर्ण कोर्स देणं. हे माझं मत आता इतकं पक्कं झालंय की आज सविस्तर लिहितेय. मी मोडी लिपी शिकवते, म्हणजे जुनी मराठी कागदपत्रं ज्या लिपीत लिहिली जात ती. पण लिहिताना डोळ्यांसमोर पेटी शिकवणारे आहेत, वारली चित्रं शिकवणारे आहेत, गोधडी शिवायला शिकवणाऱ्या ताई आहेत. ही माणसं जीव ओतून शिकवतात आणि सगळं फेसबुकवर नाहीतर व्हॉट्सॲपवर टाकून मोकळी होतात.

२९ जून २०२० ला सरकारने टिकटॉकवर बंदी घातली. आपल्याकडच्या खेड्यापाड्यांतल्या कितीतरी कलाकारांनी वर्षानुवर्षं जमवलेला प्रेक्षक त्या एका निर्णयाने गेला. माणसं होती तिथेच होती, पण त्यांना हाक मारायची सोय उरली नाही. त्याआधी ऑर्कुट २०१४ मध्ये गेलं, गुगल प्लस २०१९ मध्ये. फेसबुक चालू आहे, मी इथे आनंदाने लिहिते, पण हे लिहिलेलं किती जणांना दिसणार हे माझ्या हातात नाही. ईमेलची यादी मात्र एक्सेलमध्ये उतरवून घेता येते. मेल पाठवणारी कंपनी बदलली तरी यादी आपल्याबरोबर येते.

व्हॉट्सॲप ग्रुपबद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण आपल्याकडे कोर्स म्हटलं की पहिलं पाऊल तेच पडतं. साध्या ग्रुपमध्ये १०२४ माणसांपुढे जाता येत नाही. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६, आणि तेही ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज जातो. हे चालवून घेता येईल. मला चालत नाही ते वेगळंच आहे. ग्रुपमध्ये प्रत्येकाचा मोबाइल नंबर बाकी सगळ्यांना दिसतो. मोडी शिकायला आलेल्या बाईला ओळखपाळख नसलेल्या माणसाचे रोज सकाळी ‘शुभ सकाळ’चे मेसेज यायला लागतात, आणि ती गुपचूप ग्रुप सोडते. ती का गेली हे शिकवणाऱ्याला कधी कळतही नाही. मेलमध्ये प्रत्येक विद्यार्थी फक्त माझ्याशी बोलत असतो. शिवाय न्यू जर्सीत राहणारी मुलगी आणि साताऱ्यात राहणारे तिचे वडील एकच पाठ आपापल्या वेळेला वाचू शकतात. ग्रुपमध्ये ती उठेपर्यंत पाठ दोनशे मेसेजच्या खाली गाडला गेलेला असतो.

‘पण मराठी माणूस मेल उघडतो कुठे?’ हा प्रश्न मला नेहमी विचारतात. ओटीपी, बँकेचं स्टेटमेंट, रेल्वेचं तिकीट एवढ्यासाठी मेल, असं समजणारे पुष्कळ आहेत हे खरं. पण जवळजवळ प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये जीमेल असतंच, आणि ज्याला एखादी गोष्ट मनापासून शिकायची आहे तो ते उघडतो. माझ्या यादीत निवृत्त तलाठी आहेत, वकील आहेत, इतिहासाचे विद्यार्थी आहेत, आणि माळ्यावरच्या ट्रंकेत आजोबांची कागदपत्रं सापडल्यामुळे आलेले तर खूपच आहेत. २०२३ च्या शेवटाला मराठा आरक्षणासाठी जुन्या कागदांतल्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, मोडी वाचणाऱ्यांची गरज एकाएकी वाढली, तेव्हा पोस्टखाली ‘मलाही शिकायचंय’ लिहिणारे असंख्य होते. त्यातले जे फॉर्म भरून आले ते आजही माझ्याबरोबर आहेत. नुसतं लिहून गेलेले कुठे गेले, मला सांगता येणार नाही.

आता मुद्द्याचं. मोफत कोर्स म्हणून जे सध्या दिलं जातं त्यातलं बरंच काही मला अजिबात पटत नाही. दोन तासांचा वेबिनार. त्यात दीड तास शिकवणाऱ्याची स्वतःची गोष्ट, किती कमावलं, कसं आयुष्य बदललं. मग पडद्यावर उलटं घड्याळ, पुढच्या दहा मिनिटांत पैसे भरले तर इतकी सूट. ऐकणाऱ्याच्या वहीत एक ओळही उतरत नाही. नाहीतर मग मोठ्या कोर्सचे पहिले तीन पाठ फुकट, आणि चौथ्याच्या तोंडाशी कुलूप. अशा वाटेने आलेले पत्ते संख्येने भरपूर असतात, पण तो माणूस तुमचं नाव इनबॉक्समध्ये दिसलं की आधीच सावध होतो.

मी उलट बाजूने विचार करते. कोर्स लहान असू दे, पण तो संपल्यावर माणसाला एक काम स्वतःच्या हाताने करता आलं पाहिजे. मोडीचा माझा मोफत कोर्स सात पाठांचा आहे आणि पहिल्याच मेलमध्ये मी स्पष्ट सांगते: या सात पाठांत मोडी वाचता येणार नाही. पण घरातला जुना कागद हातात घेतलात तर त्यात गावाचं नाव, माणसाचं नाव आणि साल, या तीन गोष्टी शोधता येतील.

या तीनच का, ते मोडीची वळणं माहीत असणाऱ्याला लगेच कळेल. मोडीत आधी पानभर आडवी रेघ मारून घेतात आणि मग तिच्याखाली अक्षरं लिहीत जातात. दोन शब्दांत जागा सोडलेली नसते. ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही. काना लागला की काही अक्षरांचं रूपच पालटतं. नवा माणूस पहिल्या ओळीपासून वाचायला गेला की तिसऱ्या शब्दाला अडकतो आणि कागद परत ट्रंकेत जातो. म्हणून मी सांगते, वाचू नका, आधी शोधा. ‘मौजे’ दिसलं की पुढे गाव. ‘बिन’ दिसलं की अलीकडे मुलगा, पलीकडे बाप. एवढं सापडलं तरी कागद बोलायला लागतो, आणि पुढची अक्षरं शिकायला जोर येतो.

सालाचा पाठ माझा सगळ्यात आवडता. पेशवाईतल्या कागदांत साल पुष्कळदा अरबी शब्दांत लिहिलेलं सापडतं: ‘इहिदे सितैन मया व अलफ’. नवख्या माणसाला हा मंत्र वाटतो. इहिदे म्हणजे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. एकंदर ११६१. हा शुहूर सन, म्हणजेच मृगसाल, मृग नक्षत्रापासून सुरू होणारं. इसवी सन काढायला, मृगापासून डिसेंबरपर्यंतची तारीख असेल तर ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतची असेल तर ६००. म्हणजे १७६०-६१. पानिपतचं साल! हा हिशेब मी संपूर्ण देते, सगळ्या अंकांच्या तक्त्यासकट. ‘तक्ता हवा असेल तर पूर्ण कोर्स घ्या’ असं म्हणायचं माझ्या मनातही येत नाही. कारण नेमका याच पाठानंतर लोक उत्तर लिहितात. कोणी कागदाचा फोटो पाठवतं, कोणी विचारतं, ‘मॅडम, हे सलास आहे की समान?’ एका काकांनी पणजोबांच्या खरेदीखतावरचं साल स्वतः काढलं, आणि घरातले सगळे तो कागद जितका जुना समजत होते त्याहून तो बराच जुना निघाला. त्यांचं पत्र चार पानी होतं. असं काही हाती लागलेला माणूस मेल आला की वाचतो, त्याला आमिष दाखवावं लागत नाही.

म्हणूनच पहिल्या मेलच्या शेवटी मी एक प्रश्न विचारते: तुमच्याकडे मोडी कागद आहे का, आणि तो कशाचा आहे? जे उत्तर देतात ते सहसा शेवटच्या पाठापर्यंत टिकतात. शिवाय एकदा पत्रव्यवहार झाला की पुढचे मेल स्पॅममध्ये जायची शक्यता कमी होते. किती जणांनी मेल उघडला या आकड्याकडे मी फारसं बघत नाही. ॲपलने २०२१ मध्ये आपल्या मेल ॲपमध्ये जी गोपनीयतेची सोय आणली, तिच्यामुळे न उघडलेले मेलही उघडल्यासारखे मोजले जाऊ शकतात. उत्तरं मोजावीत, ती खोटी नसतात.

पाठ रोज पाठवू नका. नोकरी, घर, मुलं सांभाळून शिकणाऱ्या माणसाला बोरू नाही तरी निदान पेन हातात धरून सराव करायला मध्ये एक दिवस लागतो. मोडीसारख्या विषयात आणखी एक अडचण असते. २०१४ पासून मोडी युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या जागतिक अक्षरसंचात आहे, गुगलच्या नोटो मालिकेत तिचा फॉण्टही आहे, पण वाचणाऱ्याच्या फोनमध्ये तो असेलच असं नाही. अक्षरांऐवजी नुसते चौकोन दिसतात. म्हणून अक्षरं चित्राच्या रूपात द्यायची.

तांत्रिक बाजू थोडक्यात सांगते. आपल्या जीमेलवरून सगळ्यांना बीसीसी करत बसू नका. साध्या खात्यातून दिवसाला ५०० च्या वर पत्त्यांना मेल जात नाही, आणि असं करत राहिलं तर खातं अडकतं. मेल पाठवणारी एखादी सेवा घ्या. सुरुवातीचे काही शे पत्ते बऱ्याच ठिकाणी फुकट असतात. स्वतःचं डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचं आपलं नाव, घ्या आणि त्याची ओळखपडताळणी, म्हणजे एसपीएफ आणि डीकेआयएम, माहितगार माणसाकडून बसवून घ्या. दिवसाला ५००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांसाठी गुगलने फेब्रुवारी २०२४ पासून नियम कडक केले आहेत. त्यांना डीमार्कही (आपल्या नावाने आलेला मेल पडताळणीत नापास झाला तर काय करायचं हे सांगणारी नोंद) लागतं, एका क्लिकमध्ये यादीतून बाहेर पडायची सोय द्यावी लागते, आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवाव्या लागतात. म्हणजे हजार मेलमागे तीन तक्रारीही जास्त. आपण तेवढे मोठे नसलो तरी हे नियम पहिल्या दिवसापासून पाळावेत.

फॉर्ममध्ये नाव आणि ईमेल, बस. मोबाइल नंबर, जन्मतारीख, व्यवसाय कशाला हवा? लिपी शिकवायला त्याचा काय उपयोग? आणि पत्ता ज्या कामासाठी घेतला त्याच कामासाठी वापरायचा. आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा हेच सांगतो: संमती विशिष्ट कारणासाठी असते, आणि ती देणं जितकं सोपं तितकंच मागे घेणंही सोपं हवं. मला एका संस्थेकडून विचारणा झाली होती, ‘तुमची यादी द्या, आम्ही आमच्या सहलींची माहिती पाठवू, तुम्हाला मानधन देऊ.’ मी नाही म्हटलं. आजोबांच्या खरेदीखताचा फोटो विश्वासाने पाठवणाऱ्या माणसाचा पत्ता विकणं मला चोरीच वाटते.

सात पाठ संपल्यावर एक मेल जातो. त्यात पुढच्या सशुल्क वर्गाची तारीख, फी आणि काय शिकवणार हे साध्या शब्दांत असतं. घड्याळ नाही, सूट नाही. नंतर महिन्यातून एकदा एखाद्या कागदाचं वाचन पाठवते. बहुतेक लोक सशुल्क वर्गाला येत नाहीत, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. जे येतात त्यांना मी कशी शिकवते हे सात पाठांत कळलेलं असतं. त्यामुळे वर्गातली गळती अगदी कमी असते, आणि माझा वर्ग भरायला तेवढी माणसं पुरतात.

परवा पेटी शिकवणाऱ्या एका मित्राशी याच विषयावर बोलणं झालं. तो म्हणाला, मोफत कोर्समध्ये भूप राग देतो. मी म्हटलं, ते फार मोठं होईल आणि अर्धं राहील. बराच काथ्याकूट करून आम्ही ते खाली आणलं: घरच्या गणपतीच्या आरतीला पेटीवर साथ करता येईल, एवढंच. तीन स्वरपट्ट्या, एक ठेका, एक चाल, आणि शेवटच्या पाठात घरातल्या एकाने गायचं, एकाने वाजवायचं. पाठांच्या ध्वनिफिती तो याच आठवड्यात करायला बसतोय, आणि फॉर्म आषाढात उघडणार आहे, म्हणजे चतुर्थीपर्यंत सरावाला पुरेसा वेळ मिळेल. तुम्ही काही शिकवत असाल तर तुमच्या विषयातली अशी एक गोष्ट कोणती, ते मला लिहा.